चिंधीचं वांगं

पंच्याहत्तर सालच्या आसपास काळेवाडीत कुणी सोजराबाईला विचारलं असतं, की बाई, तुझं म्हणून या जगात काय काय आहे, तर तिनं तीन बोटांवर हिशेब संपवला असता. एक नवरा, ज्योतीराम, फौंड्रीत तिन्ही शिफ्टांत फिरणारा आणि उरलेल्या वेळात झोपणारा. एक पत्र्याची खोली, तीही भाड्याची. आणि एक तपकिरीची डबी.

डबीत तपकीर नव्हती बरं का. डबीत राख होती आणि राखेत चिमूटभर वांग्याचं बी होतं. पांढऱ्या, काटेरी, देठाकडे जराशा हिरवट वांग्याचं. भूमकडच्या तिच्या आईच्या परसातली ती जात. बाहत्तरच्या दुष्काळात नवरा-बायकोनं गाव सोडलं, तेव्हा आईनं बाकी काही देण्यासारखं नव्हतं म्हणून ही डबी हातावर ठेवली. त्याच वर्षी आई गेली. मागं भावानं परस विकलं, तिथं पिठाची गिरणी उभी राहिली, आणि त्या वांग्याचं बी आता डबीखेरीज कुठंच उरलं नाही.

तीन पावसाळे डबी फळीवर बसून होती. वांग्याचं बी चौथ्या पावसाळ्याला उगवलं तर उगवलं, पाचव्याला त्याची खात्री कुणी द्यायची नाही. ही काळजी सोजराबाईला आतून कुरतडत असायची. ज्योतीराम एकदा जांभई देत म्हणाला, "अगं, पिंपरीच्या मंडईत ढिगानं वांगी मिळतात की. त्यात काय एवढं?" त्या दिवशीपासून आठवडाभर त्याच्या कालवणात मीठ पडलं नाही. बिचाऱ्याला वाटलं, बायको विसरायला लागली.

आता बी आहे, पण जमीन कुठाय? खोलीपुढं दोन हात अंगण, त्यात चार बिऱ्हाडांची धुणी. आणि समोर, रस्त्यापलीकडं, पाच गुंठे जमीन नुसती काँग्रेस गवत पोसत पडलेली! सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्या गवताचं. सोजराबाईचा जीव तळमळायचा. उपाशी माणसासमोर कुणी पुरणपोळीचं ताट कुत्र्याला घालावं, तसं तिला व्हायचं.

ती जमीन दाबकेसाहेबांची. मधुसूदन हरिहर दाबके, पिंपरीतल्या एका कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात. गावातल्या उद्धवरावांकडून त्यांनी बंगल्यासाठी प्लॉट घेतला होता. बंगल्याचा नकाशा तयार होता. नुसता नकाशाच तयार होता. तो त्यांनी इतक्या वेळा तपासला, की तपासता तपासता सिमेंट मिळेनासं झालं. माणूस सज्जन, पण तपासण्याचं वेड भारी. आलेल्या मालातला खोट असलेला जॉब शोधायचा, आणि शोधला की त्याचा एक नमुना चिठ्ठी लावून जपून ठेवायचा, अशी त्यांची अठरा वर्षांची सवय. ती कंपनीत सोडून घरी यावं की नाही? नाही. घरातल्या कपाटाचा खालचा खण असल्या नमुन्यांनी भरलेला. मोडकी बिजागरी, न पेटणारी काडेपेटी, फुगा आलेली सायकलची ट्यूब. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीनच ओळी: वस्तू, दिनांक, दोष. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई म्हणायच्या, "लग्नाच्या वर्षी मलाही चिठ्ठी लावली असती, पण दोष लिहायला जागा पुरली नाही, म्हणून वाचले."

हे सगळं सोजराबाईला कुठून माहीत असणार? तिला एवढंच दिसलं, की रविवारी एक बारीकसा माणूस सायकलवरून येतो, गवताकडं खिन्नपणे बघतो आणि परत जातो. एका रविवारी ती पदर खोचून त्याच्या आडवी गेली.

"सायेब, ह्या गवताचं काय करायलाव?"

"काही नाही," दाबके म्हणाले.

"मग मला द्या की. भाजीपाला करते. निम्मं तुमाला, निम्मं मला."

दाबके दचकले. पण विचार त्यांना पटला. फक्त त्यांच्या मते अशी गोष्ट रस्त्यावर उभ्या उभ्या ठरवायची नसते. पुढच्या रविवारी उद्धवरावांच्या दारातल्या बाजेवर बैठक ठरली. उद्धवराव साठीचे, मूळ गावकरी; विहीर त्यांची आणि जाफराबादी म्हैसही त्यांची. त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "पानी माझ्या हिरीचं. पाला माझ्या म्हशीला. बाकी तुमी दोघं निम्मं-निम्मं. झालं! च्या घ्या आन् उठा."

कसलं उठा! दाबक्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. कार्बन लावून दोन प्रती. दाबके हे पक्ष क्रमांक एक, सोजराबाई पक्ष क्रमांक दोन. कलमं चौदा. त्यांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. वांगं देठासह मोजावं. मेथीची जुडी एका मुठीत मावेल एवढी असावी. मूठ पक्ष क्रमांक एकची धरावी. किडका माल निघाल्यास तोही दोन्ही पक्षांनी समसमान वाटून घ्यावा. दर रविवारी सकाळी साडेआठला पक्ष क्रमांक एक तपासणी करील. फेब्रुवारीअखेर झाडं उपटून जमीन मोकळी आणि साफ करावी, कारण बंगल्याचं काम कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतं.

उद्धवरावांचा दुसरा चहा झाला, तिसरा झाला. म्हैस दोनदा हंबरली. सोजराबाई मात्र मन लावून ऐकत होती. तिच्या मनात आलं, ह्या माणसाच्या बायकोला रोज संध्याकाळी भाकरीचा घेर मोजून द्यावा लागत असणार.

"झालं का सायेब वाचून?" ती म्हणाली. "आता माजी एक अट."

"एकच?" दाबक्यांचा चेहरा जरा पडला.

"एकच. पांढऱ्या वांग्याची सात फळं मी बियाला ठेवनार. ती तोडायची न्हाईत, वाट्यात धरायची न्हाईत. झाडावरच पिकू द्यायची. बाकी तुमची चौदा काय, चाळीस कलमं असू द्या."

तिचा आवाज असा काही होता, की उद्धवरावांनीही कप खाली ठेवला. दाबक्यांनी तिथल्या तिथं पेन काढून दोन्ही प्रतींवर सुबक अक्षरात पंधरावं कलम घातलं. 'बियाण्यासाठी राखलेली उत्तम प्रतीची सात पांढरी वांगी ही पक्ष क्रमांक दोनची.' सोजराबाईनं अंगठा उठवला. कागदाची तिची घडी डबीशेजारी फळीवर गेली.

मृगात तिनं डबी रिकामी केली. एक दाणा मागं ठेवला नाही. ठेवून करायचं काय? आठ दिवस गेले, वाफा तसाच काळा. दहा दिवस गेले. ज्योतीराम बायकोचा चेहरा बघून न बोलता शिफ्टला जायला लागला. बाराव्या दिवशी सकाळी ती वाफ्यावर वाकली आणि तशीच राहिली. कोंब! एक, दोन... एकोणीस. तिला इतका आनंद झाला, की तिनं घरी येऊन झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवलं आणि गूळ खायला लावला. तो नाइट शिफ्ट करून आलेला. गूळ चघळत चघळत पुन्हा झोपला.

मग पाच गुंठ्यांचं रूपच पालटलं. मेथी आली, गवार आली, कुंपणावर दोडके लोंबले. बाजारच्या जांभळ्या वांग्यांच्या चार ओळी, आणि मधोमध एकोणीस झाडं पांढऱ्या वांग्याची. दाबके दर रविवारी ठोक्याला साडेआठला हजर. वांगं केवढं असावं यासाठी त्यांनी तारेची एक कडी बनवून आणली होती. कडीतून सुटलं ते लहान, अडकलं ते पास. सोजराबाई पहिल्या रविवारी तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या रविवारी उघड हसली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "सायेब, वांग्याला कडीतनं काडताना काटं लागत्यात, फडकं घ्या हाताला."

वाटण्याची रीत मात्र जुनीच ठेवली होती. ढीग सोजराबाईनं दोन करायचे आणि कुठला घ्यायचा ते दाबक्यांनी सांगायचं. दाबके दोन्ही ढिगांभोवती फेऱ्या मारायचे, खाली बसायचे, डोळे बारीक करून बघायचे, आणि पंधरा मिनिटांनी नेमका लहान ढीग उचलायचे. दर वेळी! सोजराबाईला आधी वाटलं, माणूस भोळा आहे. मग लक्षात आलं, की मोठा कुठला ते त्यांना पहिल्या मिनिटालाच कळतं. बाकीची चौदा मिनिटं ते तसं दिसू न देण्यात घालवतात. तेव्हापासून तिला त्यांच्याविषयी माया वाटायला लागली. ते आले, की ती बांधावर गोणपाट टाकायची.

फेब्रुवारी आला. कलमाप्रमाणे एकेक ओळ उपटून झाली. शेवटी पांढऱ्या वांग्याची सात झाडं तेवढी उरली, प्रत्येकावर एकेक फळ. पिवळं पडलेलं, जून, टम्म फुगलेलं. अजून आठवडाभर झाडावर राहिली असती, की बी पक्कं झालं असतं. आणि नेमकं तेव्हाच नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, भूमला. जाणं भाग होतं. आजवर तिची नजर हीच राखण होती. आता सात दिवस नजर नाही, तेव्हा तिनं जुन्या लाल लुगड्याचा काठ फाडला आणि सातही फळांच्या देठांना एकेक चिंधी बांधली. तिच्या गावात चिंधी बांधलेल्या फळाला शेंबडं पोरही हात लावत नाही. हे कुणाला समजावून सांगावं लागतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

गुरुवारी दुपारी ती परत आली. पिशवी खोलीत टाकून तशीच रस्ता ओलांडून गेली. जमीन मोकळी होती. आणि साफ.

एक काडी नव्हती. सात खड्डे होते, तेही कुणीतरी पायानं नीट बुजवलेले. सोजराबाई बांधावर बसली. उद्धवराव काठी टेकत आले.

"तुझा सायेब आल्ता रयवारी," ते म्हणाले. "मी नव्हतो, चिंचवडला गेल्तो. म्हशीम्होरं पिवळी वांगी टाकली न् गेला. म्हशीनं लई चवीनं खाल्ली बग. आमचा गडी सांगत व्हता." मग त्यांनी तिच्याकडं बघितलं. "बियाची व्हती व्हय गं?"

ती उठली आणि चालायला लागली. नदीचा पूल ओलांडून, पिंपरीच्या बाजारातून, विचारत विचारत दाबक्यांच्या कॉलनीत. वाटेत तिनं मनात ज्या शिव्या रचल्या, त्या इथं लिहिता यायच्या नाहीत. पण दार उघडून दाबके समोर आले, हसतमुखानं "या, या सोजराबाई, लग्न कसं झालं?" म्हणाले, आणि तिच्या सगळ्या शिव्या घशातच राहिल्या.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी माज्या आईची वांगी म्हशीला घातली."

"अहो, ती रिजेक्ट होती ना?" दाबके गोंधळून म्हणाले. "तुम्हीच तर लाल खूण केली होती. आमच्याकडं पास मालाला हिरवा रंग आणि बाद मालाला लाल. लाल दिसलं की तो माल त्याच दिवशी हलवायचा. बियाची उत्तम प्रतीची सात तुम्ही आधीच काढून नेली असणार, असं मी धरलं. मी म्हटलं, बघा, बाई आपलं बघून शिकल्या! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, लग्नाहून आल्यावर तुम्हाला त्रास नको, झाडंही मीच उपटली."

"बाद?" सोजराबाई म्हणाली. "सायेब, एकोनीस झाडांत सगळ्यात गुनी सात फळं निवडली मी. त्येंना चिंधी बांदली. कुनी तोडू न्हाई म्हनून. नजर लागू न्हाई म्हनून. लेकराला तीट लावतो आपन, ते काय लेकरू बाद असतं म्हनून?"

आणि ती रडायला लागली. पदर तोंडावर घेऊन, तिथंच उंबऱ्यात, मोठमोठ्यानं. आई गेली तेव्हा गावी पोचता आलं नव्हतं, तेव्हाचं रडणंही त्यात होतं. शेजारच्या दोन बायका दारात आल्या. दाबके पांढरेफटक पडले. अठरा वर्षांत त्यांच्या हातून एक चांगला जॉब बाद झाला नव्हता, आणि आता सात. त्यांना बसायला खुर्ची सापडेना.

"रडू नका," अरुंधतीबाई आतून म्हणाल्या. "थांबा जरा. अहो, तुमचा तो खण उघडा."

"आत्ता?"

"आत्ताच. काल मला त्यातून वास आला. नाकाला पदर लावून उघडला, तर आत आणखी एक ध्यान. उद्या टाकते म्हटलं होतं, ते राहून गेलं."

दाबक्यांच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. ते धावलेच. बिजागरी, काडेपेटी, ट्यूब सगळं जमिनीवर आलं, आणि तळातून निघालं एक पिवळंजर्द, सुरकुतलेलं वांगं. देठाला लाल चिंधी, चिंधीला चिठ्ठी. वस्तू: वांगे, पांढरे. दिनांक: २२ फेब्रुवारी. दोष: पिवळेपणा, जूनपणा, बेढब वाढ.

बाद मालाचा एक नमुना ठेवल्याशिवाय बाकीचा निकालात काढायचा नाही, हा नियम. देव त्या नियमाचं भलं करो.

सोजराबाईनं डोळे पुसले. वांगं दोन्ही हातांत घेतलं, बोटांनी दाबून बघितलं, कानाशी नेलं. "इळी द्या," ती म्हणाली. विळीवर फळ चिरलं, तर आत बी गच्च भरलेलं, खणातच पिकून पक्कं झालेलं. एका वांग्यात किती बी असतं! तिनं ते चार पाण्यांनी धुतलं, अरुंधतीबाईंच्या बंबातली राख लावली आणि सुकत घालायला जाड कागद मागितला. दाबक्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि पंधरा कलमांची आपली प्रत तिच्या पुढ्यात पसरली. "याचा आता दुसरा काही उपयोग नाही," ते खालच्या मानेनं म्हणाले. तिनं पक्ष क्रमांक एकवर, मेथीच्या जुडीवर आणि रविवारच्या साडेआठवर बी सारखं पसरलं.

निघताना ती म्हणाली, "खण मोकळा करू नगा बरं का, वैनी."

"आता कसली मोकळा करते," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आता ते मला जन्मभर ऐकवणार."

बंगल्याचं काम काही सुरू झालं नाही. नकाशात जिन्याची एक पायरी कमी निघाली. पुढच्या मृगाआधी उद्धवरावांच्या बाजेवर पुन्हा बैठक झाली. या खेपेला दाबक्यांनी कागद आणला नव्हता. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"अटी तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

"निम्मं-निम्मं," सोजराबाई म्हणाली. "आन् एक. औंदा चिंधी तुमी बांदायची."

"मी?" दाबके बाजेवरून उठलेच. "अहो, माझ्या हातून पुन्हा काही..."

"म्हनूनच," ती म्हणाली. "ज्येनं हातानं बांदली, त्येचा हात त्या फळाला जात न्हाई."

उद्धवराव मिशीत हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीतला तो रविवार. वाफ्यात त्या वर्षी साठ झाडं होती. दाबके खिशातून अरुंधतीबाईंनी दिलेली लाल चिंधी काढून वाफ्यात उभे होते, आणि कडी घरीच राहिली होती. फळ सोजराबाईनं दाखवलं. वाकून देठाला गाठ मारली ती त्यांनी. एक गाठ, वर दुसरी, वर तिसरी.

"फास नका लावू, सायेब. जगू द्या त्येला," ती म्हणाली.

त्यांनी गाठ सैल केली. मग सवयीनं त्यांचा हात खिशात गेला आणि चिठ्ठी बाहेर आली. त्यांनी विचारलं, "लावू?"

"लावा की. तुमचं समाधान."

दाबक्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, दोरा ओवला आणि चिठ्ठी चिंधीला बांधली. सोजराबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

"वस्तू," दाबक्यांनी वाचलं, "वांगं, पांढरं. दिनांक, सोळा जानेवारी." मग ते थांबले. एकोणीस वर्षं त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आणि तिसऱ्या ओळीत हा शब्द कधी लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"फुडं?"

"दोष, नाही."

सोजराबाई त्या फळाकडं बघत राहिली. पिवळं पडायला लागलेलं, काटेरी, आईच्या परसातलं.

"आनखी एकदा वाचा," ती म्हणाली.

आणि दाबक्यांनी पहिल्यापासून वाचलं.